भवानी झालीच नाही, तरी याला धंदा म्हणायचं का?

या महिन्याच्या पत्रांत एकच सूर आहे. काम मनापासून चाललंय, पैसा एक येत नाही, उलट पदरमोडच होतेय, मग लोकांनी काय करता विचारलं तर सांगायचं काय. त्यातली पाच पत्रं इथे घेतलीयेत, ठाणे, नेरूळ, ऐरोली, कळवा, बेलापूर अशी खाडीच्या दोन्ही काठांवरची. पहिल्या पत्राने बरीच जागा खाल्लीय कारण त्यात नणंद, सोसायटी, बँक आणि इन्कम टॅक्स असे चौघे एकदम आलेत, बाकीच्यांनी समजून घ्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, कासारवडवलीच्या थोडं अलीकडे. वय ४१. मुलगी पाचवीत गेली तेव्हा नोकरी सोडली आणि घरच्या हॉलमध्ये मुलांची लायब्ररी सुरू केली. शनिवार-रविवार संध्याकाळी चार ते सात. फी नाही, डिपॉझिट नाही, वहीत नाव लिहायचं आणि पुस्तक न्यायचं. आता हॉलची एक अख्खी भिंत पुस्तकांची झालीय, सोफा विकून टाकला, मुलं सतरंजीवर बसतात. पुस्तकं रद्दीवाल्याकडून आणते, प्रदर्शनातून आणते, काही लोक आणून देतात (त्यात निम्मी जुनी गाइडं असतात पण तोंडावर नाही कसं म्हणणार). खर्च सगळा घरचा. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "ती घरीच असते." परवा एका मुंजीत कोणीतरी विचारलं काय करता, मी म्हटलं माझी स्वतःची लायब्ररी आहे, तर नणंद हसत म्हणाली, अगं गल्ला नाही तो कसला व्यवसाय, टाइमपास म्हण. फार लागलं मला. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात सोसायटीचं पत्र, की तुमच्या फ्लॅटमध्ये कमर्शियल ॲक्टिव्हिटी चालते, मेंटेनन्स दुप्पट का लावू नये. म्हणजे घरात धंदा नाही आणि सोसायटीत आहे! रॅक आणि पुस्तकं घ्यायला मुद्रा लोन मिळतं का विचारायला बँकेत गेले तर ते म्हणाले आधी इन्कम दाखवा. मिस्टर म्हणतात निदान हा खर्च माझ्या पगारातून टॅक्सला वजा होतो का ते तरी विचार. काही आईवडील स्वतःहून जीपे करतो म्हणतात, ते घ्यावेत का? ताई, खरा व्यवसाय आहे का हा, एकदा काय ते सांगून टाका. सोबत वहीच्या एका पानाचा फोटो पाठवतेय.
– घोडबंदर रोडवरची एक वाचक

उत्तर : तुम्हाला वाटतंय की नणंदेने, सोसायटीने आणि बँकेने एकच प्रश्न विचारला आणि तिघांची उत्तरं वेगळी आली. प्रश्नच वेगवेगळे आहेत हो. नणंद विचारतेय की यातून घरात काय येतं. सेक्रेटरी विचारतायत की लिफ्टमध्ये ही पोरं कोणाची आणि पॅसेजमध्ये चपलांचा ढीग कोणाचा. आणि बँकेला एवढंच कळून घ्यायचंय की हप्ता कुठून भरणार. तिघांनाही आपापल्या जागी विचारायचा हक्क आहे, पण त्यातल्या एकाकडेही तुमच्या कामाला खरं-खोटं ठरवायचा शिक्का नाहीये, आणि तुम्ही मात्र तिघांकडून तोच मारून घ्यायला निघालायत.

आधी टॅक्सचं उरकून टाकू. मिस्टरांना सांगा, नाही होत वजा. एक तर उपक्रम तुमचा आणि पगार त्यांचा. समजा त्यांच्या नावावर धंदा असता आणि त्यात तोटा आला असता तरी तो पगारातून वजा करता येत नाही, तो आठ वर्षं पुढे ओढता येतो पण धंद्याच्याच नफ्यातून वजा करायला, आणि त्यासाठीही रिटर्न मुदतीत भरलेलं लागतं. आणि तुमच्या बाबतीत तर पैसे घ्यायचा इरादाच नाही म्हटल्यावर आयकराच्या लेखी हा तोटा नाहीच, घरखर्च आहे, जसं कोणी बागेवर करतं कोणी कुत्र्यावर करतं. अमेरिकेत यासाठी एक ठोकताळा आहे, लागोपाठच्या पाच वर्षांत तीन वर्षं नफा दिसला तर तिथलं टॅक्स खातं तो छंद नसून धंदा आहे असं धरून चालतं (घोडे पाळणाऱ्यांना आणखी सवलत, सातात दोन वर्षं). आपल्याकडे असा आकडा नाही, आपल्याकडे इरादा, सातत्य, हिशेब असं सगळं मिळून बघतात.

आणि नणंदेला सांगायचंच असेल तर हे सांगा की २०१७ च्या जीएसटी कायद्यात व्यवसायाची व्याख्या करताना चक्क म्हटलंय की आर्थिक फायदा असो वा नसो. म्हणजे तिकडे गल्ल्याची अटच नाही! अर्थात त्याने हुरळून जाऊ नका, सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांची उलाढाल झाल्याशिवाय नोंदणीची भानगड लागत नाही, आणि फुकट दिलेल्या पुस्तकावर तुमच्यासारखीकडून कोणी टॅक्स मागायला येत नाही. मुंजीत बोलायला बरं, एवढाच त्याचा उपयोग.

बँकेवर रागावू नका. मुद्रा योजना २०१५ मध्ये सुरू झाली ती ज्यातून कमाई होते अशा छोट्या उद्योगांसाठी, त्यातलं शिशू कर्ज ५० हजारांपर्यंतचं, आणि ते कर्जच आहे, फेडायचं असतं. तुमच्याकडे येणारा पैसा शून्य आहे, तर हप्ता मिस्टरांच्या पगारातून जाणार, मग रॅक थेट त्यांच्याकडूनच घ्या ना, व्याज कशाला. कोणी सांगेल की उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा म्हणजे बँक ऐकेल. उद्यम सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन लागतो, माहिती तुम्हीच भरायची, त्यामुळे सर्टिफिकेट मिळणं फार अवघड नाही, पण बँकेचा माणूस ते बघून पुन्हा पासबुकच मागतो. आणि त्याचे पैसे मागणारी एजंटांची दुकानं भरपूर आहेत, त्यांना एक रुपया देऊ नका.

सोसायटीचं मात्र मनावर घ्या, कारण हे एकच प्रकरण आहे ज्यात तुम्हाला खरोखर त्रास होऊ शकतो. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) फ्लॅट ज्या वापरासाठी दिलाय त्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरायचा तर कमिटीची परवानगी लागते. तुमच्याकडे फी नाही, पाटी नाही, आठवड्याचे सहा तास, म्हणजे हा राहत्या घराचाच वापर आहे असं म्हणायला चांगली जागा आहे, पण ते तोंडी लिफ्टमध्ये सांगू नका. लेखी उत्तर द्या. त्यात वेळ लिहा, फी नाही हे लिहा, बाहेरची मुलं किती येतात ते खरं लिहा, आणि दुप्पट मेंटेनन्स कुठल्या ठरावाने लावणार त्या ठरावाची प्रत मागा. तुमच्या भागात वीज महावितरणची, तोही प्रश्न कोणी काढेल, तर घरातल्या काही भागात छोटासा व्यवसाय असला तरी महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३६०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुतीच दर लागतो. आणि हे कायद्याबाहेरचं सांगते, चपलांसाठी एक स्टँड स्वतःच्या दाराच्या आत घ्या. निम्मं भांडण तिथेच मिटेल, सोसायटीतली भांडणं तत्त्वावरून फार कमी होतात.

जीपेचं : एखाददुसऱ्या पालकाने प्रेमाने काही दिलं तर ती भेट, पण नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर रक्कम गेली तर सगळीच्या सगळी करपात्र होते. तुम्ही तिथपर्यंत जाणार नाही, तरी अशी अर्धवट वाट नको. घ्यायचे तर ठरवून, सगळ्यांकडून सारखे, पावती देऊन. नाहीतर घ्यायचेच नाहीत. ज्याने पाचशे दिले त्याचं पोर पुस्तक फाडून आणतं तेव्हा तुम्हाला बोलता येणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मला वाटतं तुम्हाला व्यवसाय नकोय, तुम्हाला मान हवाय, आणि आपल्या घरांमध्ये मान फक्त पगाराच्या स्लिपसोबत येतो असं दिसल्यामुळे तुम्ही तो दुसऱ्या नावाने मागताय. पगारी बाईला शनिवारी चार वाजता कोणी भाजी निवडायला बसवत नाही. तिची मीटिंग असते. तुमचीही चार ते सात असते पण ती मोडायला कोणालाच काही वाटत नाही, कारण "घरीच आहे". यावर व्यवसाय हा शब्द चिकटवून काही होणार नाही, नणंद पुढच्या कार्यात विचारेल मग सुटतात किती महिन्याला, आणि तुम्ही पुन्हा रडत घरी याल.

तुम्ही पाठवलेलं वहीचं पान मी नीट बघितलं. रेघा हाताने आखलेल्या, पहिल्या रकान्यात नाव, मग विंग आणि फ्लॅट नंबर, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना "शेरा". त्या शेऱ्यात एका पोराने पेन्सिलने लिहिलंय, "पान १४ आधीच फाटलेलं होतं, मी नाही." खाली दुसऱ्या अक्षरात, "हो मी होते." हे वाचून मी एकटीच हसत बसले. नौपाड्यात दुकानदारांच्या वह्या बघण्यात माझी बरीच वर्षं गेली, उधारीचं खातं इतकं नेटकं ठेवणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. जिथे पोरं स्वतःहून कबुली देतात तिथे काहीतरी खरंखुरं चाललंय, याला मी टाइमपास म्हणणार नाही. पण धंदाही म्हणणार नाही, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. कोणाकडे तरी किंमत मागितल्याशिवाय धंदा सुरू होत नाही. मिळाली नाही तरी चालेल, भवानी होत नाही म्हणून दुकान खोटं ठरत नाही, नव्या दुकानदाराचे असे कितीतरी दिवस कोरडे जातात. पण त्याने शटर उघडून भाव सांगितलेला असतो. तुम्ही अजून भावच सांगितलेला नाही.

आणि सांगायलाच हवा असंही नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, त्याचा नफा किती असं कोणी विचारल्याचं ऐकलंय का? कारण ती संस्था आहे. तुमच्यापुढे तोही रस्ता आहे. सात माणसं जमवा, १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करा, बँकेत संस्थेच्या नावाने खातं उघडा, मग जीपे करणाऱ्यांना पावती देता येते. यात दरवर्षी हिशेब, बदल अर्ज (विश्वस्त वगैरे बदलले की द्यायचा), मीटिंगची मिनिटं असं बरंच काम असतं, आणि तुमच्या लायब्ररीत मग आणखी सहा जणांना मत असणार हे लक्षात ठेवा. त्यातला एकजण नक्की गाइडं ठेवा म्हणणार.

धंदा करून बघायचाच असेल तर लायब्ररीला हात लावू नका, ती फुकटच राहू दे. मे महिन्यात पंधरा दिवसांचा गोष्टींचा वर्ग घ्या, दुपारी, आणि त्याची फी लावा, दहा ठिकाणी विचारून ठरवलेली, लाजून कमी केलेली नको. पण सोसायटीला आत्ताच लेखी देणार आहात ना की घरात फी नाही, मग हा वर्ग एकतर कमिटीची परवानगी काढून घ्या नाहीतर जवळ एखादा छोटा हॉल भाड्याने घ्या. किती पालक भरतात त्यावरून कळेल की लोकांना तुमचं काम हवंय की त्याचा फुकटपणा. दोन्हीत काही वाईट नाही, पण कुठलं ते कळलेलं बरं. आणि सासूबाईंचं म्हणाल तर एका शनिवारी त्यांनाच ती वही सांभाळायला बसवा, नावं लिहून घ्यायला. पुढच्या पाहुण्यांना त्या काय सांगतात ते मला कळवा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले, नेरूळला असते. काही वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, पाठ्यपुस्तकं आणि अवांतरही. घरातच, कपाटाचं दार उघडून साड्यांच्या समोर बसते म्हणजे आवाज घुमत नाही. मुलगा म्हणतो आई एवढा मोठा साठा झालाय, सबस्क्रिप्शन ठेवू, सगळ्यांसाठी खुलं करू, स्टार्टअप होईल. मला पटत नाहीये पण का ते सांगता येत नाहीये.
– नेरूळ, सेक्टरमधलीच एक आजी

उत्तर : आजी, तुमच्या मनाने बरोबर ओळखलंय, कारण तुमच्या कामाला कायद्याने जी सूट आहे ती फुकटपणावरच उभी आहे. पुस्तकाचा हक्क लेखकाचा किंवा प्रकाशकाचा, ते वाचून रेकॉर्ड करून वाटणं एरवी चालत नाही. पण २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींना वाचता-ऐकता यावं म्हणून पुस्तकाचं रूप बदलून त्यांना खाजगी वापरासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी देणं याला मोकळीक मिळाली. संस्थांनाही ती आहे पण ना-नफा तत्त्वावर, फक्त तयार करायचा खर्च घेता येतो, आणि ती प्रत बाजारात जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. मुलगा म्हणतोय तसं सगळ्यांसाठी खुलं आणि वर सबस्क्रिप्शन केलं की ही मोकळीक गेली, प्रत्येक पुस्तकाची परवानगी काढत बसावं लागेल. म्हणजे जे आज निर्धोक आहे ते धंदा केल्याक्षणी बेकायदा होईल, असं फार कमी कामांच्या बाबतीत घडतं.

मुलाची हौस भागवायची असेल तर ज्या लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटलीयेत (ते वर्ष संपल्यापासून मोजायची) त्याची पुस्तकं हक्कातून मोकळी झालेली असतात, ती त्याने खुशाल सगळ्यांसाठी करावीत, आवाज तुमचा, मेहनताना तुमचा. बाकीचा साठा एकट्या पेन ड्राइव्हवर ठेवू नका. सुगम्य पुस्तकालय म्हणून २०१६ पासून एक ऑनलाइन ग्रंथालय आहे, अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या संस्था त्यात पुस्तकं घालतात, अशा एखाद्या संस्थेशी बोला. साड्यांची युक्ती मात्र झकास, स्टुडिओवाले त्याचे पैसे घेतात.

प्रश्न : ऐरोलीला राहते, वय ६३. दरवर्षी दिवाळीला ओळखीपाळखीत चकली, कडबोळी, अनारसे करून देते. आवड म्हणून. फक्त सामानाचे पैसे घेते, वर एक रुपया नाही. यंदा शेजारची म्हणाली लायसन्स लागतं, पकडतील. सून म्हणते आई लोक तुमचा फायदा घेतात. मी काय धंदा करते का?
– चकलीवाल्या काकू

उत्तर : काकू, धंदा करता. निदान अन्नाच्या कायद्यापुरतं तरी. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्न व्यवसाय कशाला म्हणायचं ते लिहिताना नफ्यासाठी असो वा नसो असे शब्द आहेत, कारण चकलीने पोट बिघडलं तर तुम्ही नफा घेतला होता का हे पोटाला कळत नाही. घाबरू नका, छोट्या प्रमाणात करणाऱ्यांना पूर्ण लायसन्स लागत नाही, रजिस्ट्रेशन असतं, ऑनलाइन होतं, फी वर्षाला शंभर रुपये. सुनेला बसवा कॉम्प्युटरवर.

आणि सुनेचं बाकीचंही ऐका. फक्त सामान म्हणजे काय धरलंय तुम्ही? भाजणीची डाळ-तांदूळ धरले असतील, तेल धरलं असेल. भाजणी दळून आणायची गिरण? गॅस? पहिला घाणा बिघडला की मोहन वाढवून दुसरा करता, तो पहिला कोण खातं? पिशव्या, स्टीलचे डबे जे परत येत नाहीत, तुर्भ्याच्या मार्केटला जायची-यायची रिक्षा? यातलं काहीच हिशेबात नसणार, मला खात्री आहे. म्हणजे तुम्ही ना-नफा नाही, तोट्यात देताय, आणि उभं राहून पाय दुखतात ते वेगळंच.

ते तुमचं घर, तुमचे पाय, मी कोण बोलणार. पण एक गोष्ट मला खटकते ती सांगते. तुमच्याच आसपास बचत गटातल्या बायका दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात, त्यावर त्यांच्या मुलांची फी भरली जाते. त्यांनी किलोचा भाव सांगितला की गिऱ्हाईक म्हणतं, अहो आमच्या काकू यापेक्षा निम्म्यात देतात. तुमच्या हौसेमुळे त्या बाईला भाव पाडावा लागतो आणि तिला हौस परवडत नाही. घरच्यांना, लेकीबाळींना करून देताय तर बिलकुल पैसे घेऊ नका, सामानाचेही नको, ती दिवाळी आहे. बाहेरच्यांना देताय तर बाजारभावाने द्या. आणि आलेल्या पैशाचं काय करू असं वाटलं तर अनारसे वळायला एखादी मदतनीस ठेवा.

प्रश्न : कळव्याला राहतो, वय २६, आयटीत जॉब. रात्री बसून मराठी शब्दकोड्याचं ॲप बनवलंय, रोज एक कोडं, फ्री, जाहिराती नाहीत. रोज खेळणारे लोक आहेत, आई पण खेळते आणि चुका काढते. मित्र म्हणतात प्रायव्हेट लिमिटेड कर, प्रोफाइलवर फाउंडर लाव, नाहीतर कोण सिरियसली घेणार. करू का?
– एक कोडेवाला

उत्तर : नको रे बाबा. प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात, दुसरा बहुतेक आईच होईल, आणि एकदा कंपनी झाली की वर्षाला एक रुपया आला नाही तरी ऑडिट करावंच लागतं, वार्षिक फॉर्म भरावेच लागतात, ते राहिले की फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये लेट फी चालू. माझ्याकडे अशी मुलं यायची, कंपनी काढून विसरलेली, आणि बंद करायला आली की दंडाचा आकडा बघून खुर्चीतच बसून राहायची. पैसे यायला लागले तर आधी स्वतःच्याच नावावर, स्वतःच्या पॅनवर दाखव, त्याला काही काढावं लागत नाही. फाउंडर खुशाल लाव, त्याला कोणाचा परवाना नाही लागत.

त्याआधी तुझं अपॉइंटमेंट लेटर काढ आणि शांतपणे वाच. दोन कलमं शोधायची, एक दुसरा उद्योग करायला परवानगी लागते का, आणि दुसरं तू जे काही बनवशील ते कोणाचं. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. तुझं कोडं नोकरीचा भाग नाही हे खरं, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर बनवलं असशील तर वाद घालायला त्यांना जागा मिळते. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं नेट, स्वतःचा वेळ. आणि फुकट आहे तोपर्यंत एचआरला सांगणं सोपं आहे, पैसे यायला लागल्यावर सांगायला गेलास तर पहिला प्रश्न हाच येईल की आधी का नाही सांगितलं.

सिरियसली घेण्याचं म्हणशील तर आई रोज चुका काढते म्हणतोस, अजून किती सिरियस हवंय.

प्रश्न : मी राज्य सरकारी कर्मचारी, ऑफिस बेलापूरला कोकण भवनात. लोकगीतं गोळा करून व्हिडिओ टाकते, पैसे घेत नाही. हे चालतं का, आणि उद्या चॅनलला पैसे सुरू झाले तर?
– एक कर्मचारी

उत्तर : तुम्हाला १९७९ चे वर्तणूक नियम लागू. कला-साहित्याचं काम अधूनमधून, मानधनाच्या अपेक्षेशिवाय, ऑफिसच्या कामात खोट न येता करायला त्यात मोकळीक आहे. व्यापार-धंदा करायचा तर आधी परवानगी, आणि जाहिरातीचे पैसे दरमहा यायला लागले की तो अधूनमधूनचा प्रकार राहत नाही. तेव्हा पैसे सुरू करायचं बटण दाबायच्या आधी कार्यालयप्रमुखांकडे लेखी अर्ज, चॅनलचं नाव आणि कामाचं स्वरूप लिहून, आणि पोच घ्या. व्हिडिओत ऑफिस, पद, ओळखपत्र काही दिसू देऊ नका. गाणाऱ्या आजींची नावं मात्र प्रत्येक व्हिडिओखाली लिहा, आणि पैसे आलेच तर त्यांचा वाटा किती ते आत्ताच त्यांच्याशी बोलून ठेवा.